रेंजचा दगड

वाडीच्या वरच्या अंगाला, किंदळाच्या झाडाखाली, एक सपाट काळा दगड आहे. त्याच्यावर उभं राहिलं की फोनला रेंज येते. दोन पावलं डावीकडे सरकलं की जाते, खाली बसलं तरी जाते. त्यामुळे वाडीतला प्रत्येक फोन तिथं उभं राहून होतो, आणि आवाज तुटतो म्हणून ओरडून होतो. गोव्याला हॉटेलात कामाला गेलेल्या मुलाशी आई तिथूनच बोलते. दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची चौकशी तिथूनच होते. नव्या सुनेला माहेरही तिथंच भेटतं. मागे दोन-तीन माणसं आपली पाळी यायची वाट बघत उभी असतात आणि त्यांना सगळं ऐकू येतं.

या दगडावर वाडीतल्या लोकांनी एक नाटक केलं. पंचवीस मिनिटांचं. लेखक म्हणून कुणाचंही नाव नसलेलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या नाटकालाही नाव नव्हतं, सगळे त्याला 'आपलं बारकं' म्हणत होते. मोठं नाटक वेगळं आणि हे बारकं वेगळं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा विषय दिला होता, नवं नाटक कुठं तयार होतं? या प्रश्नाला पुण्या-मुंबईची उत्तरं तयार आहेत. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, तिथल्या एकांकिकांनी मराठी रंगभूमीला किती माणसं दिली ते सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र अशी जागा बघायची होती जिथं परीक्षक नाही, करंडक नाही, पुढे मुंबईला जायची घाई नाही, आणि तरी माणसं दिवसभर शेतात राबून रात्री नवीन काहीतरी रचायला बसतात. बेळगावच्या एका मित्राने सांगितलं, जोयड्याला जा. वाडीचं नाव मी इथं लिहीत नाही. पुढं जे येणार आहे ते तिथल्या घराघरांतलं आहे.

धरणाच्या काठानं

बेळगावहून खानापूर, लोंढा करत रामनगर, तिथून जगलबेट आणि गणेशगुडी. गणेशगुडीला काळी नदीवरचं सुपा धरण आहे, १०१ मीटर उंच. या तालुक्याचं जुनं नाव सुपा. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या, माणसं रामनगरला आणि आणखी कुठं कुठं गेली. जुन्या माणसांच्या बोलण्यात मात्र अजून 'सुप्याला बाजार असायचा' असं येत राहतं, काल-परवा असल्यासारखं.

तालुका प्रचंड आहे, सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, आणि एवढ्या जागेत माणसं पन्नास हजारांच्या आसपास. बाकी रान. त्यातला मोठा भाग व्याघ्र प्रकल्पात येतो. २००७ साली दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून तो झाला, २०१५ पासून त्याला नदीचं, काळीचं नाव आहे. घरं एकमेकांपासून लांब. दहा-पंधरा घरांची वाडी, मग चार-पाच किलोमीटर काही नाही, मग पुन्हा आठ घरं. तालमीला यायचं म्हणजे कुणाला तरी बॅटरी घेऊन रानातून चालत यावं लागतं, आणि परत जाताना दोघा-तिघांनी मिळून जावं लागतं. तालीम किती वाजेपर्यंत चालणार हे लांबच्या घरातल्या माणसावर ठरतं.

इथं बहुतेक कुणबी. त्यांचे पूर्वज गोव्यातून आले असं ते सांगतात, आणि घरातली बोली कोकणी आहे. शाळा कन्नड. भजन, आरती, लग्नपत्रिका आणि नाटक मराठी. तीन भाषांची अशी वाटणी मी सीमाभागात बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे, पण इथं ती फार स्पष्ट दिसते. एकच पोरगी बाईंशी कन्नडमध्ये बोलते, आईशी कोकणीत भांडते आणि गणपतीत मराठीत आरती म्हणते, आणि यात तिला काही विशेष वाटत नाही.

विकत आणलेलं नाटक

जत्रेच्या रात्री नाटक झालंच पाहिजे, ही या सगळ्या पट्ट्यातली रीत. खानापूर, हल्याळ, जोयडा, पलीकडे गोवा. ऐतिहासिक किंवा कौटुंबिक, तीन अंकी, छापील पुस्तकावरून बसवलेलं. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत बांबूंचा मंडप, भाड्याचे पडदे, भाड्याची लाईट, भाड्याचा मेकअपवाला. स्त्री पात्रं करायला बाहेरून नट्या बोलावतात. त्यांना इथं 'लेडीज पार्टी' म्हणतात, आणि खर्चातला मोठा आकडा तोच असतो. त्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी येतात, पुरुषांबरोबर एकदा-दोनदा वाचन होतं आणि रात्री प्रयोग. त्या नट्यांच्या तयारीचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलं आहे. शंभर-दीडशे नाटकं त्यांना पाठ असतात, आणि कोणत्या गावचा नायक कुठं अडखळतो हेही.

नाटक अकराला सुरू व्हायचं, पहाटे संपायचं. मध्ये मध्ये माईकवरून बक्षिसं पुकारली जातात. अमुक यांच्या अभिनयावर खूश होऊन तमुक यांच्याकडून एकावन्न रुपये. प्रसंग कितीही गंभीर असो, नट थांबतो, नमस्कार करतो आणि पुन्हा रडू लागतो.

या वाडीचे तालीम मास्तर साठीच्या पुढचे आहेत. तीस वर्षं त्यांनी राजे, सरदार आणि जमीनदार केले. अंगणात चालतानाही ते खांदे मागे घेऊन चालतात. त्यांची छापील पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत आहेत, वाळवी लागू नये म्हणून तंबाखूची पानं घालून ठेवलेली. एकेका पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने नावं: या साली हा पार्ट कुणी केला, त्या साली कुणी. काही नावांपुढे छोटी फुली आहे. ती माणसं आता नाहीत.

"आमचं मराठी नाटकानं सुधारलं," ते मला म्हणाले. "शाळेत कुठं होतं मराठी? मी राजा झालो तेव्हा बोलायला शिकलो."

हे मला महत्त्वाचं वाटलं. विकत आणलेल्या नाटकाला नावं ठेवणं शहरातून आलेल्या माणसाला सोपं असतं. त्या नाटकाने इथल्या दोन पिढ्यांना भाषा दिली, चारचौघांत उभं राहायचं बळ दिलं. फक्त एक होतं. त्या नाटकात वाडी कधीच नव्हती. रंगमंचावर वाडे होते, दिवाणखाने होते, दरबार होते. काळी नदी नव्हती, मुडलीचा कंद नव्हता, रानगवा नव्हता, आणि वाडीतली एकही बाई नव्हती.

लेडीज पार्टी येईपर्यंत

बारक्या नाटकाची सुरुवात अगदी व्यवहारातून झाली. एका जत्रेला लेडीज पार्टीची गाडी वाटेत बंद पडली. लोक मंडपात येऊन बसलेले, पोरं रडायला लागलेली, माईकवाला तीच तीच घोषणा करतोय. तेव्हा गोव्यात कामाला असलेले दोन तरुण सुट्टीवर आले होते, ते पडद्यापुढं गेले आणि दगडावरच्या फोनची नक्कल करू लागले. एक जण आई झाला, दुसरा गोव्यातला मुलगा. आई ओरडून विचारते जेवलास का, मुलाला ऐकू येतं पैसे पाठवलेस का. दहा मिनिटं लोक हसत राहिले. गाडी आली, मोठं नाटक सुरू झालं, ते सगळे विसरले.

विसरल्या नाहीत त्या बायका. बचत संघाच्या पुढच्या बैठकीत एकीने विषय काढला: दगडावर हसण्यासारखंच बोलणं होतं का? तुम्ही आमची नक्कल केलीत, आता आम्ही करतो.

मी फेब्रुवारीत पहिल्यांदा गेले तेव्हा तालमीच्या ओट्यावर अकरा माणसं होती, त्यातल्या सहा बायका. समोर लिहिलेला कागद नव्हता. सोड्याच्या बाटल्यांचा एक प्लास्टिकचा क्रेट उपडा घालून त्यावर घोंगडी टाकली होती. तो दगड. ज्याला जे सुचेल त्याने त्यावर चढायचं, फोन कानाला लावायचा आणि बोलायचं. बाकीच्यांनी मागे पाळीत उभं राहायचं. पलीकडच्या माणसाचं बोलणं प्रेक्षकाला ऐकू येणार नाही, ते इकडच्याच्या बोलण्यावरून कळलं पाहिजे, एवढा एक नियम.

हा नियम किती अवघड आहे हे पहिल्या तासातच कळलं. एक मुलगी चढली. नर्सिंगला निवड झाली का विचारतेय. "हो सर... हो... कधी?... बरं," आणि उतरली. कुणालाच काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, तू परत परत विचार, रेंज नाही ना, म्हणून तेच त्याच्याकडून दोनदा वदवून घे. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "काय म्हणालात? किती हजार? परत सांगा... किती?" आणि ओट्यावर शांतता झाली. आकडा तिने उच्चारलाच नाही. रेंजची अडचण हीच नाटकाची युक्ती झाली. बाहेरून कुणी आणून दिलेली नव्हती, त्या दगडातच होती.

शेजारच्या घरातले लोक जेवून ओट्याच्या कडेला येऊन बसत, आणि बसल्या जागेवरून बोलत. "ती तशी नाही म्हणत गो." "अगोदर शेरडांचं विचारेल ती, मग दुखण्याचं." कुणी कुणाला गप्प बसवत नव्हतं. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी एक अनुभव नोंदवून ठेवला आहे. १९७३ साली पेरूमध्ये साक्षरतेच्या कामात असताना एका प्रयोगाला प्रेक्षकांतली एक बाई नटांनी केलेल्या कोणत्याच शेवटावर समाधानी होईना, अखेर तीच रंगमंचावर आली आणि तिने तो प्रसंग करून दाखवला. त्यातून बोआल यांची प्रेक्षकाने नाटकात शिरायची पद्धत घडत गेली आणि जगभर पसरली. या ओट्यावर बोआल हे नाव कुणी ऐकलेलं नाही. शेजारधर्म म्हणून ते होत होतं.

पाठ

एक प्रसंग मात्र मला पूर्ण सांगितला पाहिजे.

पन्नाशीच्या एक बाई आहेत. सगळे त्यांना आक्का म्हणतात. आयुष्यात कधी रंगमंचावर उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी दगडावर चढून मुलीच्या सासरी फोन लावला. मुलीला बरं नाही, आणि सासू फोन मुलीकडे देत नाही. आक्का फार कमी बोलल्या. पण चढल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

तालीम मास्तर तोवर या सगळ्यापासून थोडे लांब, खांबाला टेकून बसले होते. ते पटकन म्हणाले, "आक्का, तोंड इकडं. प्रेक्षकाला पाठ दाखवायची नाही."

आक्का वळल्या, पुन्हा सुरू केलं, आणि जमेना. आवाजच येईना. मग त्या तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, फोनवर रडताना लोकांकडे तोंड करून कोण रडतं? मागे माणसं उभी असतात. मी नेहमी रानाकडेच तोंड करते."

मास्तर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "करा. पाठच करा."

पुन्हा सुरू झालं. आक्कांची पाठ, हिरव्या लुगड्याचा काष्टा, मानेवर आलेला घाम, आणि एक हात. तो हात मागे येऊन पदराचं टोक शोधत होता, सापडलं की सोडत होता. बोलणं एवढंच की भात केला का, औषध आणलं का, तिला जरा द्या. 'तिला जरा द्या' पाच वेळा. चौथ्या वेळेला हात थांबला.

त्या रात्रीपासून मास्तर खांब सोडून पुढे आले. त्यांनी या नाटकाला काय दिलं ते मी पुढच्या तालमींत पाहिलं. कुठं थांबायचं ते. तीस वर्षं ऐतिहासिक नाटकं केलेल्या माणसाला थांबणं फार चांगलं कळतं, कारण त्या नाटकांत टाळीसाठी थांबावं लागतं. इथं त्यांनी तोच हिशेब पलीकडचं न ऐकू येणारं बोलणं पुरं होण्यासाठी लावला. "तो तिकडून बोलतोय, तीन मोज," ते हळूच म्हणायचे.

कागद मागून आला

कागद नसताना नाटक करणं म्हणजे कच्चं काम, असं आपल्याला वाटतं. पण जोयडा कुठं आहे ते बघा. दक्षिणेला याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर यक्षगान. तिथं भागवत, म्हणजे मुख्य गायक, प्रसंगाची पदं गातो, ती रचलेली असतात, आणि त्या पदाचा अर्थ पात्रं आपल्या बोलण्यातून, त्या रात्री सुचेल तसा मांडतात. उत्तरेला सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतार. तिथं तर रंगपटात तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरतं, आणि संवाद रंगमंचावर जन्मतात. पश्चिमेला सासष्टीच्या ख्रिस्ती गावांत कार्निव्हालच्या दिवसांत अंगणात व्हायचे ते खेळ, त्यांतल्या छोट्या गोष्टींना 'पार्ती' म्हणत, गावातल्याच घडामोडींवर रचलेल्या. तिन्ही बाजूंना तोंडी नाटक, आणि मध्ये हे रान.

मराठी नाटकाच्या उगमाची वाटही इथूनच जाते. १८४२ साली या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला गेली. तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी त्यांचे खेळ पाहिले आणि विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं आपल्या भाषेत करून दाखव. ५ नोव्हेंबर १८४३ला 'सीतास्वयंवर' झालं. आपण तो दिवस रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. भाव्यांच्या त्या नाटकात पदं लिहिलेली होती, सूत्रधार ती म्हणायचा, आणि पात्रांची भाषणं बरीचशी आयत्या वेळची असायची. शब्दन्‌शब्द लिहून पाठ करायचं नाटक नंतर आलं. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते खूप वेळ पेटीकडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे आम्ही मागच्या दारानं परत आलो म्हणा."

कागद इथंही आलाच, मार्चमध्ये. कारण दर तालमीला बोलणं वाढत चाललं. एका मुलाने तीन तालमी फोनवर रेकॉर्ड केल्या आणि त्यावरून उतरवून काढलं. पण वह्या दोन झाल्या. शिकलेली मुलं कन्नड शाळेतली, त्यांनी कोकणी बोलणं कन्नड अक्षरांत लिहिलं. मास्तरांसारख्या जुन्यांना ते वाचता येईना, तर त्यांच्यासाठी देवनागरीत दुसरी वही. नाटक एकच, बोली एकच, लिप्या दोन. १९९२ साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली आणि तिच्या लिपीवरून गोव्यात केवढे वाद झाले. इथं ते दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून मिटले होते. प्रॉम्प्टिंगला दोन्ही विंगांत एकेक जण बसणार, एक कन्नड वही घेऊन, एक देवनागरी.

मास्तरांची सुरुवातीची तक्रार भाषेचीच होती. "स्टेजवर घरचं बोलायचं?" त्यांच्या दृष्टीने स्टेज म्हणजे मराठी, वरच्या पट्टीतली. मला त्यांचं म्हणणं कळतं. पण त्या ओट्यावर मी जे ऐकलं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. छापील मराठीत आक्कांना ती पाच वाक्यं सापडली नसती. 'कृपा करून तिच्याकडे दूरध्वनी द्या' असं काहीतरी झालं असतं. मराठीवर माझं प्रेम आहे, तिच्यावरच माझं पोट आहे, आणि तरीही मी म्हणते की या लोकांनी बारकं नाटक घरच्या बोलीत करावं, मोठं हवं तर मराठीत. त्याने मराठीचं काही जात नाही.

मंचीकेरीची वाट

या भागात असं काही पहिल्यांदा होतंय असं समजू नये. शेजारच्या यल्लापूर तालुक्यात मंचीकेरी आहे. १९८०च्या दशकात हेग्गोडूच्या 'नीनासम' या नाट्यसंस्थेने तिथल्या सिद्दी लोकांबरोबर नाटक बसवलं. आफ्रिकेतून शतकांपूर्वी या किनाऱ्यावर आणलेल्या लोकांचे हे वंशज आज यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, जोयडा या तालुक्यांत राहतात, त्यांच्याही घरांत कोकणी-मराठीच्या वळणाची बोली आहे. नाटक होतं नायजेरियाच्या चिनुआ आचेबे यांच्या १९५८च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीवरून, कन्नडमध्ये, दिग्दर्शक चिदंबरराव जंबे. आफ्रिकेच्या एका गावाची गोष्ट, इथल्या रानात राहणाऱ्या त्याच मुळाच्या माणसांनी केलेली. 'नीनासम'चे संस्थापक के. व्ही. सुब्बण्णा यांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे हेग्गोडूसारख्या खेड्यात बसून केलेली अशी कामं होती. पुढे सिद्दी मुलंमुली 'नीनासम'मध्ये शिकायला गेली. गिरिजा सिद्दी, प्रशांत सिद्दी ही नावं आज कन्नड रंगभूमी आणि सिनेमाच्या प्रेक्षकाला ओळखीची आहेत.

मराठीत याच्या जवळ जाणारं काम रत्नाकर मतकरींनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ठाण्यात केलं. 'वंचितांचा रंगमंच'. समता विचार प्रसारक संस्थेबरोबर, वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन. त्यांचा आग्रह असा की मुलांनी आपल्या जगण्यातले विषय घेऊन नाटिका स्वतः रचाव्यात, स्वतः कराव्यात. १९६२ पासून बालनाट्य करणारा, शेकडो पात्रं लिहिलेला माणूस शेवटी मुलांना म्हणतो की तुम्हीच लिहा. यातला मोठेपणा मला दरवेळी नव्याने जाणवतो. मे २०२०मध्ये करोनाने ते गेले.

वाडीवर यातलं काही पोचलेलं नाही. तिथं पोचतात ती योजनांची पथनाट्यं. एक जीप येते, टी-शर्ट घातलेली मुलं उतरतात, डफ वाजतो, शौचालयावर किंवा मलेरियावर पंधरा मिनिटं होतात, शेवटी सगळे मिळून घोषणा देतात. त्या मुलांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण मी वाडीतल्या बायकांना विचारलं, त्यांतलं काय आठवतं? एकीला डफ आठवत होता. उत्तर आधीच ठरवून आलेल्या नाटकात बघणाऱ्याला काही काम उरत नाही. दगडाच्या नाटकात पलीकडचं बोलणं प्रत्येकाने स्वतः भरायचं होतं, आणि प्रत्येक जण आपल्या घरातलं भरत होता.

म्हाताऱ्याचा फोन

नाटकातला शेवटचा फोन तालमीत उशिरा आला. सत्तरीच्या वडिलांचा, गोव्यातल्या मुलाला. प्रश्न घर सोडायचा.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या कुटुंबांना स्वखुशीने बाहेर पडण्यासाठी सरकारी पॅकेज असतं. २००८ साली ते कुटुंबामागे १० लाख होतं, २०२१ साली १५ लाख झालं. काही घरं गेली आहेत, काही जायचं म्हणतात, काही नाही म्हणतात, आणि एकाच घरात दोन मतं आहेत. बाहेर गेलं तर रस्ता, दवाखाना, मुलांचं शिक्षण. राहिलं तर जमीन, देव, मांड. मांड म्हणजे शिगम्याला सगळे जमतात ती जागा. ती पैशात मोजता येत नाही आणि उचलून नेताही येत नाही. त्यात कागदांचा घोळ. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप २००३ साली अनुसूचित जमातींत आले. त्याच कायद्याने उत्तर कन्नडातले सिद्दीही आले. घाटाच्या अलीकडचे कुणबी राहिले. आत्या गोव्यात जमात आणि मामा जोयड्यात नाही, असं हे. मागणी जुनी आहे, मोर्चे झाले, निवेदनं झाली.

ग्रामसभेत हा विषय निघाला की लोक गप्प बसतात. शेजाऱ्याने पॅकेज घ्यावं की नाही यावर तोंडावर कोण बोलणार? पण दगडावर प्रत्येकाने हा फोन ऐकलेला होता, पाळीत उभं राहून, ऐकू येत नसल्यासारखं करत.

वडिलांचं काम करणारा गडी स्वतः पंचेचाळीसचा आहे, भाड्याचा टेम्पो चालवतो. त्याने प्रसंग असा बांधला: म्हातारा मुलाला एवढंच विचारतो की साहेब सही मागायला सोमवारी येणार, काय करू? आणि रेंज जाते. म्हातारा हॅलो हॅलो म्हणत दगडावर उभा. काळोख. संपलं. उत्तर द्यायचं नाही, यावर ओट्यावर तीन रात्री वाद झाला. एक जण म्हणाला, लोक आपल्यालाच विचारतील तुमचं मत काय. टेम्पोवाला म्हणाला, "माझं मत मला ठाऊक असतं तर मी नाटक कशाला केलं असतं?"

जत्रेची रात्र

एप्रिलमध्ये पुन्हा गेले. मंडप, जनरेटर, शेवेच्या लाडूंची दुकानं, चटईवर झोपलेली पोरं. मोठं नाटक ऐतिहासिक होतं. लेडीज पार्टी या वेळी वेळेवर आली होती, तरी कमिटीने साडेदहाची वेळ बारक्याला दिली होती. त्या नट्या अर्धा मेकअप करून विंगेत येऊन उभ्या राहिल्या, बघायला.

नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला. पडद्यापुढं क्रेट आला, त्यावर घोंगडी. लोकांनी दगड लगेच ओळखला, हशा झाला. जेवलास का आणि पैसे पाठवलेस का. नर्सिंगवाली मुलगी. 'किती हजार'ला हसू थांबलं. मग आक्का चढल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. माईकवर बक्षीस पुकारायला एक जण उठला होता. कमिटीच्या माणसाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. विंगेतल्या दोन नट्यांपैकी मोठी होती तिने पदर तोंडाला लावला, अर्धा रंग पुसला गेला.

टेम्पोवाला शेवटी आला, डोक्याला मुंडासं, हातात काठी. चढला. सोमवार, साहेब, सही. मग ठरल्याप्रमाणे रेंज गेली.

"हॅलो?" तो म्हणाला. "हॅलो? आयकूंक येता?"

इथं लाईट बंद व्हायची होती. जनरेटरजवळच्या पोराचा हात बटणावर होता. तेवढ्यात मागच्या अंधारातून, चटयांच्याही मागून, एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"येता. उलय."

ऐकू येतंय, बोल. कुणी हसलं नाही. लाईटवाला पोरगा मास्तरांकडे बघत राहिला. मास्तर देवनागरी वही मिटून विंगेत उभे होते, त्यांनी हात वर केला, थांब म्हणून, आणि त्यांची बोटं एकेक मिटत गेली. एक, दोन, तीन. टेम्पोवाला क्रेटवरून अर्धा उतरला होता. त्याने त्या अंधाराकडे पाहिलं, काठी खाली ठेवली आणि पुन्हा वर चढला.

"बाबा," तो म्हणाला, आणि वहीत नसलेलं बोलू लागला.